जंगल हे माहेर : रैणी गावच्या गौरादेवी

उत्तराखंडातील जोशीमठहून नीती खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ऋषिगंगा आणि धौलीगंगा जेथे एकमेकींना मिळतात तेथे, डोंगराच्या उतारावर रैणी नावाचे छोटे गाव आहे. जुलै १९९१ मध्ये या गावातील गौरादेवी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी निवर्तल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. थोडी शेती, मेंढ्या, लोकरीचे काम आणि एकुलता एक मुलगा, एवढाच त्यांचा संसार होता. पुढे उत्तराखंड राज्य झाल्यावर बारावी उत्तीर्ण झालेल्या गरीब घरच्या मुलींसाठी शासनाने जी आर्थिक साहाय्याची योजना काढली, तिला याच निरक्षर बाईंचे नाव देण्यात आले.

‘चिपको’ म्हटले की झाडाला कवटाळून उभ्या असलेल्या पहाडी स्त्रियांचे चित्र डोळ्यांपुढे येते. ते चित्र इतके प्रसिद्ध झाले आहे की त्याच्यामागे उभी असलेली व्यक्ती जवळजवळ झाकली गेली. गौरादेवींच्या आयुष्यातील एकच दिवस जगाने लक्षात ठेवला. त्या दिवसापूर्वीची जवळजवळ पन्नास वर्षे मात्र फारशी कोणी विचारात घेत नाही. आणि ती वर्षे नसती तर तो दिवसही उगवला नसता.

त्यांचा जन्म १९२५ चा, रैणीपासून जवळच असलेल्या लाता गावचा. भोटिया समाजातील तोलछा शाखेत त्या जन्मल्या. भोटियांची ओळख व्यापारी वाचकांना आवर्जून करून द्यावी अशी आहे. शतकानुशतके या लोकांनी हिमालयाच्या खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार केला. पाच हजार मीटर उंचीवरच्या वाटांनी गाडी जात नाही, बैलही जात नाही; म्हणून मालाची ने-आण मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवरून होई. प्रत्येक जनावराच्या दोन्ही अंगांना लहान लहान थैल्या बांधायच्या आणि शेकडोंचा तांडा घेऊन उन्हाळ्यात खिंड चढायची. वर जाताना धान्य, गूळ, कापड न्यायचे आणि उतरताना मीठ, लोकर, टाकणखार आणायचा. बर्फ पडू लागण्याआधी परत येणे भाग असे. ज्याचा हिशेब चार दिवसांनी चुकला, त्याचा तांडा अडकला.

पुरुष तांड्याबरोबर गेले की गाव स्त्रियांच्या हाती राही. शेत त्यांचे, गुरे त्यांची, म्हातारी माणसे त्यांच्याच जबाबदारीवर. शिवाय लोकर. भोटिया स्त्रीच्या हातात रिकामा वेळ असा नसेच. चालता चालताही तिची चाती फिरत असे. त्या सुताच्या पंख्या, थुलमे, चुटके, गालिचे घरच्या मागावर विणले जात आणि खालच्या बाजारांत विकले जात. घराच्या मिळकतीत स्त्रीच्या श्रमाचा वाटा किती, हे तेथे सांगावे लागत नसे.

बाराव्या वर्षी गौरादेवींचे लग्न झाले आणि त्या रैणीला आल्या. बाविसाव्या वर्षी पती वारले. मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा होता. डोंगरातल्या गावात तरुण विधवेने काय काय सोसले असेल, हे लिहून दाखवण्याची गरज नाही. आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या घराघरांत तशा आत्या, काकू, मावश्या होऊन गेल्या आहेत. गौरादेवींनी सासू-सासऱ्यांना सांभाळले, मुलाला वाढवले, शेत कसले आणि घरातील लोकरीचा व्यवहार बंद पडू दिला नाही. नांगर धरणे हे तेथे बाईचे काम मानले जात नाही. त्यामुळे नांगरणीच्या दिवसांत तिला दुसऱ्यांच्या दारी जाऊन माणूस मागावा लागतो. अशी वर्षे काढलेल्या बाईला गावातला प्रत्येक उंबरठा ठाऊक असतो आणि कोणाशी कसे बोलावे हेही. पुढे मोठ्या प्रसंगी त्यांच्या उपयोगी पडली ती हीच विद्या.

१९६२ च्या युद्धाने या खोऱ्याचे जीवन एका वर्षात पालटून गेले. तिबेटची सीमा बंद झाली. ज्या खिंडीने पिढ्यान्‌पिढ्या पोसले, ती आता फक्त सैन्याची झाली. लोकरीची मूळ आवक थांबली, तांडे मोडले, मेंढ्या विकल्या गेल्या. ज्यांचा चालता धंदा एका सरकारी आज्ञेने संपला आहे, अशा कुटुंबांची गोष्ट व्यापारी समाजाला नवी नाही. मात्र भोटियांजवळ दुसऱ्या शहरात जाऊन दुकान मांडण्याइतके भांडवल बहुतेकांकडे नव्हते. गौरादेवींचा मुलगाही पुढे किरकोळ ठेकेदारी आणि लोकरकाम यांवर घर चालवू लागला. सैन्यासाठी रस्ते झाले, त्यासाठी गावांच्या जमिनी गेल्या आणि त्यांची भरपाई वर्षानुवर्षे रेंगाळली. त्याच रस्त्यांनी लाकडाचे ठेकेदारही वर आले. आधी ज्या जंगलापर्यंत कुऱ्हाड पोहोचत नव्हती, तेथे आता ट्रक पोहोचू लागला.

व्यापार गेल्यावर हाती उरले ते जंगल. जळण, चारा, पानांचा पाचोळा, रानभाज्या, औषधी मुळ्या, शेतीच्या अवजारांना लागणारे लाकूड, सारे तेथूनच येई. म्हणजे जंगल गेले असते तर रैणीचे दुसऱ्यांदा दिवाळे निघाले असते.

२० जुलै १९७० रोजी अलकनंदेला महापूर आला. बेलाकुची ही बाजारपेठ वाहून गेली, पूल गेले, शेते खरवडून निघाली आणि गाळ थेट मैदानापर्यंत पोहोचून हरिद्वारहून निघणारा गंगेचा कालवा भरून गेला. गोपेश्वर येथील दशोली ग्राम स्वराज्य संघाचे कार्यकर्ते मदतकार्यासाठी खोऱ्यात फिरले. चंडीप्रसाद भट्ट यांनी स्थापन केलेली ही सर्वोदयी संस्था गावातल्या गावात लाकडाची अवजारे बनवण्यासारखे छोटे उद्योग करीत होती. ज्या उतारांवरील झाडे तोडली गेली होती, तेथेच दरडी अधिक कोसळल्या होत्या, हे या मंडळींच्या ध्यानात आले. ग्रामस्थ स्त्रियांना ते सांगावे लागले नाही. चाऱ्यासाठी दरवर्षी किती दूर जावे लागते, यावरून त्यांना ते कळत होतेच.

१९७३ मध्ये याच संस्थेने शेतीच्या अवजारांसाठी अंगूची काही झाडे मागितली, ती वनखात्याने नाकारली. त्याच जातीची झाडे खेळाचे साहित्य बनवणाऱ्या अलाहाबादच्या एका कंपनीला मात्र देण्यात आली. शेतकऱ्याच्या जुवाला लाकूड नाही आणि टेनिसच्या रॅकेटला आहे, असा तो न्याय. त्या वर्षी एप्रिलमध्ये मंडल गावी लोक जमले आणि झाडांना चिकटून राहण्याचा, म्हणजेच ‘चिपको’चा, निर्धार झाला. कंपनीच्या माणसांना रिकाम्या हातांनी परतावे लागले.

जानेवारी १९७४ मध्ये देहराडूनला रैणीच्या जंगलातील सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. व्यवहार कागदोपत्री पूर्णपणे कायदेशीर होता. येथे एक गोष्ट सहज आठवते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत आपल्या शास्त्रकारांनी ‘वनकर्म’, म्हणजे जंगल तोडून त्यावर केलेली उपजीविका, स्पष्टपणे घातली आहे. ज्या धंद्यात कायद्याने दोष नाही त्यातही दोष असू शकतो, हा विचार व्यापार करणाऱ्या समाजाने स्वतःसाठीच लिहून ठेवला होता. गौरादेवींना या शब्दाची माहिती असण्याचे कारण नव्हते.

लिलावाची बातमी घेऊन जोशीमठचे कम्युनिस्ट कार्यकर्ते गोविंदसिंह रावत आणि चंडीप्रसाद भट्ट गावोगाव फिरले. सर्वोदयी आणि कम्युनिस्ट एका कामासाठी एकत्र आले, हेही त्या काळात विशेषच म्हणायचे. गौरादेवी तेव्हा रैणीच्या महिला मंगल दलाच्या अध्यक्ष होत्या. गावची स्वच्छता, देवळाची डागडुजी, जंगलाची राखण अशी कामे हे दल करी. सभांमध्ये बोलत ते पुरुष. बायका मागे बसून ऐकत.

२६ मार्च १९७४ रोजी जमिनींच्या थकलेल्या भरपाईचे पैसे मिळणार म्हणून गावातील पुरुष चमोलीला गेले होते. त्याच दिवशी वनाधिकारी भेटीला येणार म्हणून भट्ट आणि त्यांचे सहकारी गोपेश्वरमध्ये अडकले. तोच दिवस साधून ठेकेदाराचे मजूर आणि वनखात्याची माणसे रैणीच्या अलीकडेच उतरली आणि गावाला वळसा घालून ऋषिगंगेच्या काठाने जंगलाकडे निघाली. एका लहान मुलीने त्यांना पाहिले आणि ती धावत गौरादेवींकडे आली.

पुरुष दूर. निरोप पाठवायला वेळ नाही. गौरादेवींनी हातातले काम टाकले आणि घरोघरी हाका मारल्या. २७ जणी निघाल्या; त्यांत काही कोवळ्या मुलीही होत्या. जंगलात पोहोचल्या तेव्हा मजुरांची जेवणाची तयारी चालली होती. गौरादेवींनी त्यांना भाऊ म्हणून हाक मारली. हे जंगल आमचे माहेर आहे, त्यातून आम्हाला औषध, भाजी, फळे, लाकूड मिळते, ते तोडले तर पूर येऊन आमची शेते वाहून जातील, असे त्यांनी समजावले. पुढचे त्यांचे सांगणे अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे : तुम्ही आधी जेवून घ्या, मग आमच्याबरोबर खाली चला, आमचे पुरुष परत आले की काय तो निर्णय होईल.

झाडे तोडायला आलेल्यांना त्या जेवू देत होत्या. समोरची माणसेही पोटासाठी, मजुरीवर, दूरवरून आलेली आहेत हे त्यांना दिसत होते. विरोध कामाला होता, माणसाला नव्हता, आणि हा फरक त्यांनी कोणा पुस्तकातून घेतला नव्हता.

सारेच मजूर ऐकणारे नव्हते. काही जण दारू प्यायलेले होते. एकाने बंदूक रोखली. तेव्हा गौरादेवी पुढे झाल्या, चोळी उघडून छाती समोर केली आणि आधी मला मारा, मग आमचे माहेर तोडा, असे त्यांनी बजावले. बंदूक खाली आली. मजूर हळूहळू उतरू लागले. जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर दरड कोसळलेल्या जागी सिमेंटची फळी टाकून पूल केलेला होता. बायकांनी तो उखडून टाकला आणि वाट बंद केली. ती रात्र त्यांनी जंगलाच्या वाटेवर पहारा देत काढली. मार्चमधली हिमालयातली रात्र, अंगावर असेल ते लोकरीचे वस्त्र, आणि काहींच्या कडेवर मुले. दुसऱ्या दिवशी पुरुष परतले तेव्हा करण्यासारखे मुख्य काम होऊन गेले होते. पुढेही काही दिवस आळीपाळीने राखण चालू राहिली.

जगाने मिठी लक्षात ठेवली. पण त्या दिवशी रैणीत घडले त्यात बोलणे अधिक होते, आणि त्या बोलण्यातला मुख्य शब्द होता माहेर. गढवाली बोलीत माहेराला ‘मैत’ म्हणतात. त्या प्रदेशात या शब्दाचे वजन फार मोठे आहे. नंदादेवी ही तेथे सर्व गढवालची लेक मानली जाते. साधारण बारा वर्षांनी निघणाऱ्या नंदादेवी राजजातेत चार शिंगांचा मेंढा पुढे घालून लोक तिला हिमशिखरांकडे, तिच्या सासरी, पोहोचवायला जातात आणि निरोपाच्या वेळी स्वतःची मुलगी निघाल्यासारखे रडतात. चमोली जिल्ह्यातच १९९५ पासून ‘मैती’ नावाचा उपक्रम सुरू झाला. लग्नाच्या दिवशी वधू-वर वधूच्या माहेरी एक झाड लावतात आणि लेक गेल्यावर ते झाड माहेरची माणसे वाढवतात.

मराठी वाचकाला हा शब्द वेगळा उलगडून सांगायला नको. माहेरी गेलेली लेक परसातला कढीपत्ता न विचारता तोडते; झाड मात्र उपटत नाही. तिचा तेथील हक्क सातबाऱ्यावर नसतो, तरी तो कोणी नाकारत नाही. बाराव्या वर्षी माहेर सुटलेल्या आणि बाविसाव्या वर्षी सासरचा आधार गेलेल्या बाईने जंगलाला माहेर म्हणावे, यात अलंकार कमी आणि हिशेब अधिक आहे. अडचणीच्या दिवसांत जेथून काही मिळाले ते ठिकाण, एवढा साधा त्याचा अर्थ. आणि ज्या घरात मेंढी कातरून लोकर घेतली जाते, त्या घरच्या सुनेला घेणे आणि संपवणे यांतील भेद कळायला वेळ लागत नाही.

रैणीच्या घटनेनंतर उत्तर प्रदेश सरकारने दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने स्त्रियांचे म्हणणे मान्य केले. अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातील सुमारे १,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात व्यापारी तोडीवर दहा वर्षांची बंदी आली. ठेकेदारी पद्धत मोडून वन निगम स्थापन झाले. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी पहाडी जिल्ह्यांत हजार मीटरहून उंचावरच्या हिरव्या झाडांची तोड पंधरा वर्षांसाठी थांबवण्यात आली. चंडीप्रसाद भट्ट यांना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, सुंदरलाल बहुगुणा यांनी चळवळीचा आवाज देशोदेशी पोहोचवला, १९८७ मध्ये चिपको चळवळीला ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार लाभला.

इतके यश एका छोट्या गावातील स्त्रियांच्या एका दिवसाला क्वचितच मिळते. परंतु त्या यशाची दुसरी बाजूही गौरादेवींना त्यांच्या हयातीतच पाहावी लागली. १९८२ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या आतल्या भागात मेंढ्या चारणे, जडीबुटी गोळा करणे, गिर्यारोहकांचे सामान वाहून नेणे, हे सर्व बंद झाले. १९८८ मध्ये युनेस्कोने या उद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा रैणी, लाता, तोलमा या गावांच्या पदरात बंदीच होती. ठेकेदारापासून ज्यांनी जंगल वाचवले, त्यांनाच जंगलाच्या दाराशी थांबवण्यात आले. गौरादेवींच्या जाण्यानंतर, १९९८ मध्ये, त्यांच्या माहेरच्या लाता गावातील लोकांनी ‘झपटो-छीनो’ नावाने आंदोलन करून उद्यानाच्या हद्दीत प्रवेश केला आणि आपले जुने हक्क मागितले.

वन वाचवणे म्हणजे माणसाला तेथून दूर करणे, असे कायद्याला वाटले. गौरादेवींचा आग्रह तसा नव्हता. माहेर वाचवायचे ते लेकीचे येणे-जाणे चालू राहावे म्हणून. कुलूप लावण्यासाठी नव्हे. त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या समारंभांत बंदुकीपुढे उभे राहण्याचा प्रसंग नेहमी सांगितला जातो, आणि तो सांगायलाच हवा. पण त्यांची मागणी क्वचितच पुन्हा उच्चारली जाते, कारण ती आजही पुरती मान्य झालेली नाही.

रैणीच्या वाट्याला आणखी एक दिवस यायचा होता. गावाजवळ ऋषिगंगेवर जलविद्युत प्रकल्प झाला. त्याच्या बांधकामातील सुरुंग आणि नदीत टाकला जाणारा राडारोडा यांविरुद्ध ग्रामस्थ २०१९ मध्ये उच्च न्यायालयात गेले होते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी वरच्या शिखराचा खडक आणि बर्फ यांचा प्रचंड कडा तुटून खाली आला आणि ऋषिगंगेला क्षणात पूर आला. प्रकल्प नाहीसा झाला, खाली तपोवनच्या प्रकल्पाच्या बोगद्यात कामगार अडकले. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. हा कडा झाडे तोडल्याने तुटला नव्हता, तो फार उंचावरून आला. परंतु अशा नदीच्या काठी काय बांधावे आणि काय बांधू नये, हे विचारायला रैणीत कोणी आले नव्हते, एवढे खरे.

त्या पावसाळ्यात गावाखालची जमीन खचू लागली. घरांना भेगा पडल्या, सीमेकडे जाणारा रस्ता तुटला. रस्ता नव्याने काढण्यासाठी जून २०२१ मध्ये गावातील गौरादेवींचा पुतळा हलवावा लागला आणि तो जोशीमठला नेण्यात आला. पुतळा निघाला तेव्हा गावातील स्त्रियांना अश्रू आवरले नाहीत. त्यांच्यापैकी काही जणी १९७४ च्या त्या रात्री जंगलाच्या वाटेवर गौरादेवींच्या शेजारी बसल्या होत्या.